सिॲटल किती लांब, दिग्या?

नागपूर,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय दिग्या,

स.न.वि.वि. नंदाची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ आहे तशीच आहे, आईचं पुढे येतंच आहे. तुझ्या मोतीबिंदूचं मंदाकडून कळलं. आता तुला हे पत्र चष्मा न शोधता वाचता येईल, तेव्हा 'अक्षर लागलं नाही' हे तुझं जुनं कारण या वेळी चालणार नाही.

फोन न करता लिहून राहिलो याला कारण आहे, ते शेवटी सांगतो. आधी परवाचं ऐक. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. आईच्या तासाला ज्याने आफ्रिकेचा नकाशा उलटा टांगून रूळ खाल्ला, त्यालाच ते कळेल.

मनूला तिकडे सिॲटलला डॉक्टरांनी बाळंतपणासाठी जानेवारीचा तिसरा आठवडा दिला आहे. मागच्या वेळचं तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणीच तिच्याजवळ नव्हतं, आणि नंदा अजून रात्री उठून देवघरात बसते. या खेपेला मनूने तोंडाने 'या' म्हटलेलं नाही. म्हणते, "बाबा, आजीला सोडून नका येऊ, आम्ही करू मॅनेज." आणि फोन ठेवण्याआधी तीन-चारदा "अजून काय?" असं विचारते. तू तिला कडेवर घेऊन फुटाळ्यावर फिरवलंयस, तुला त्या 'अजून काय'चा अर्थ मी सांगायला नको. नंदा एकटी जायला तयार आहे. पण परक्या विमानतळावर अर्ध्या रात्री शुगर खाली गेली तर ती कोणाला काय सांगणार? शिवाय खरं सांगू का, मलाही जायचं आहे. माझ्या पोरीजवळ मला असायचं आहे.

आणि इकडे आई. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं आहे. धंतोलीतले डॉक्टर चांगले आहेत, उगाच घाबरवत नाहीत. ते म्हणाले, "वर्ष निघेल, आठवडाही निघणार नाही, दोन्ही होऊ शकतं. जा म्हणून मी सांगू शकत नाही आणि जाऊ नका म्हणूनही नाही." डोकं आईचं शाबूत आहे. सकाळी पेपर भिंगातून वाचते आणि जिल्ह्याचं नाव चुकलं की संपादकाला पत्र घालायला सांगते. संध्याकाळी पाय सुजतात, रात्री तीन उशा लागतात. मंदा अकोल्याहून येऊन राहायला कबूल आहे, रात्रीसाठी बाईही मिळाली आहे. व्यवस्था सगळी लागते रे. व्यवस्थेचा प्रश्नच नाही. मी तिकडे असताना इकडून फोन आला, तर मी किती वेळात दारात उभा असेन, एवढा एकच प्रश्न आहे, आणि महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. बँकेत तीस वर्षं आकडे जुळवले, हा आकडा जुळत नाही.

आता हिशोब बघ. आपल्या सोनेगाव विमानतळावरून दोह्याला थेट विमान आहे, चारेक तास. तिथून सिॲटलला दुसरं, पंधरा तासांच्या आसपास. मधे थांबणं आलं, निघण्याआधी तीन तास विमानतळावर जाऊन बसणं आलं, तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आली. जाताना गंमत अशी की सोमवारी पहाटे चारला निघालास आणि प्रवास पंचवीस तासांचा धरलास, तर तिथे उतरतोस तेव्हाही सोमवारच असतो, दुपारचे साडेतीन. दिवस फुकटात मिळतो. पण येताना तो परत द्यावा लागतो. सोमवारी संध्याकाळी पाचला तिकडून निघालास तर नागपुरात उजाडतो थेट बुधवार. मंगळवार कुठे गेला ते कोणी सांगू शकत नाही. म्हणजे विमानात चढल्यापासून चोवीस-पंचवीस तास, आणि त्याआधी फोन येणं, ऐनवेळचं तिकीट मिळणं, त्या दिवशी जागा असणं. दीड दिवस धर. सगळं नीट जुळलं तर दीड, नाही तर दोन, अडीच.

आणि नीट जुळेलच असं आजकाल काय आहे? यंदा 24 एप्रिलला पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडून राहिला. जूनमध्ये इराणचं झालं, 23 तारखेला कतारने आपलंच आकाश काही तास बंद ठेवलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडे उतरली. त्यात कोणाची आई वाट बघत असेल का, असं मी तेव्हा टीव्हीसमोर बसून विचार करत होतो आणि नंदा म्हणत होती, जेवायला या. 2023 चं मगदानचं आठवतं? दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान, एका इंजिनात बिघाड, उतरवलं ते सायबेरियाच्या पार टोकाला. दोनशेवर माणसं तिथे शाळेत, वसतिगृहात जमिनीवर गाद्या टाकून झोपली, दुसरं विमान पाठवून मग त्यांना पुढे नेलं. तेव्हा तू मला फोन करून म्हणाला होतास, "बघ, मी तर टोरांटोतच अडकलो होतो, हे तर मगदानला." तो विषय तूच काढला होतास, मी नाही.

तर परवा. रात्री जेवणं झाली, नंदा मनूशी बोलत होती. आपल्याकडे आठ, तिच्याकडे सकाळचे साडेसहा. मागच्या रविवारी त्यांनी घड्याळं मागे घेतली, त्यामुळे आता साडेतेरा तासांचा फरक आहे, उन्हाळ्यात साडेबारा असतो. आई खाटेवरून ऐकत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "गोल काढ."

तोच पृथ्वीचा गोल, दिग्या. हातगाडीवरून पडून ज्याचं ग्रीनलंड चेपलं होतं आणि तू जिथे पेनाने 'क्षमा असावी' लिहिलं होतंस तो. अजून आहे तुझी क्षमा, निळी शाई फिकी झाली एवढंच. मी तो माळ्यावरून काढून पुसून तिच्या मांडीवर दिला. तिने लोकरीची पिशवी मागितली. मनूच्या बाळासाठी टोपी विणून राहिली आहे, पिवळी. त्यातला दोरा तोडला आणि आधी विषुववृत्ताभोवती गुंडाळला. हात थरथरत होते पण दोरा रेषेवरून हलला नाही. मला म्हणाली, "मोज." शहाण्णव सेंटिमीटर भरला. "म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. आता सेंटिमीटरला किती?" मी उत्तर देईपर्यंत तिनेच सांगितलं, चारशे सतरा.

मग तिने दोऱ्याचं एक टोक नागपूरवर दाबलं आणि मला म्हणाली, दुसरं सिॲटलला लाव आणि ताण. मी दोरा पश्चिमेकडून न्यायला लागलो, अरबस्तान, युरोप, अटलांटिक. माझ्या हातावर टिचकी मारली. "पश्चिमेला काहून जातोस? उत्तरेला जा." आणि दोरा सोडल्याबरोबर स्वतःच सरकला. नेपाळवरून, तिबेटवरून, मंगोलियाचं पश्चिम टोक, सायबेरिया, आर्क्टिकचं पाणी, आणि पलीकडून अलास्का-कॅनडाच्या बाजूने खाली सिॲटल. एकोणतीस सेंटिमीटर. बारा हजार शंभर किलोमीटर. मी नंतर कॉम्प्युटरवर ताडून पाहिलं, बरोबर तेवढंच. चेपलेल्या ग्रीनलंडचा काही फरक पडला नाही.

"आता दोहा कुठे ते दाखव." दाखवलं. नागपूर ते दोहा, सातेक सेंटिमीटर. मग तिने दोह्यावरून सिॲटलला दोरा ताणला. तो तर जवळपास ध्रुवावरूनच गेला, इराण, रशिया आणि मग सरळ वर. किती भरला असेल सांग? साडेअठ्ठावीस. अर्धा सेंटिमीटर कमी! आई कितीतरी वेळ त्या अर्ध्या सेंटिमीटरकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही चार तास विमानात बसून अठ्ठावीसशे किलोमीटर जाणार, आणि सिॲटल दोनशे किलोमीटरच जवळ येणार?" मी म्हटलं हो. "मग इथून सरळ विमान काहून नाही?" मी सांगितलं की तेवढे प्रवासी नागपुरातून रोज मिळत नाहीत, म्हणून मधल्या मोठ्या ठाण्यावर सगळीकडची माणसं गोळा करतात आणि तिथून एकच मोठं विमान सोडतात. तर म्हणते, "अरे, हे तर आपल्या टपालाचं झालं. तेव्हा ते ठाणं आपण होतो."

आणि मग आई तासभर बोलत राहिली, बाबांबद्दल, तुझ्या वडिलांबद्दल, नानांबद्दल. सोनेगावची रात्रपाळी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी मध्यरात्री विमानं यायची, आरएमएसची, म्हणजे रेल्वे टपालसेवेची माणसं धावपट्टीच्या कडेला थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत चारही परत. 1949 च्या जानेवारीत सुरू झालं ते. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. आपण गच्चीवर झोपायचो तेव्हा तू अंथरुणातून विमानं मोजायचास आणि चौथं आलं नाही की रडायला लागायचास, कारण नाना त्याच्याखाली उभे आहेत असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. कोणीतरी म्हणजे मीच, असं तू आजवर म्हणत आलास. मंदाने सांगितलं होतं ते. मी शपथेवर सांगतो, आणि तिने परवा कबूल केलं आहे. पन्नास वर्षांचा आरोप आता मागे घे.

आई म्हणाली, नाना हिवाळ्यात घरी आले की त्यांच्या हातांना तागाचा वास यायचा आणि ते काकूंना म्हणायचे, "आज सगळा देश माझ्या हातून गेला."

आता नानांचंच निघालं तर ते गेले त्या दिवसांचंही बोलतो. आपण दोघं हा विषय टाळत आलो. तू त्या वेळी वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस, नंतर बोलायला लागलास पण त्यावर नाही. टोरांटोला बर्फ पडलं, तुझं विमान रद्द झालं, दुसरं मिळालं ते फ्रँकफर्टमार्गे, तेही उशिरा. तू फोनवर म्हणत होतास, "सुध्या, थांबव, मी पोचतो." मी बर्फाच्या लाद्या आणवल्या होत्या. रात्र काढली, दुसरा दिवसही काढला. संध्याकाळी काकू उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आता बघवत नाही रे." तेवढं एकच वाक्य. तुला मी ते कधी सांगितलं नाही, कारण तू काकूंवर रागावला असतास आणि त्यांना तेव्हा ते सोसलं नसतं. अंबाझरी घाटावर मी मडकं धरलं, मी अग्नी दिला. तू आलास ते अस्थी गोळा करायच्या दिवशी, पाठीवर ती लाल पिशवी, अंगावर टोरांटोचा जाड कोट, आणि घाटावर सगळ्यांदेखत म्हणालास, "माझा बाप होता तो." मी काही बोललो नाही. आजही मला विचारशील तर मी तेच करीन, काकूंच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही करता आलंच नसतं. पण तुझं ते वाक्य मी विसरलो नाही, आणि ते चुकीचं होतं असंही मला कधी वाटलं नाही. तुझा बाप होता, तुला पोचता आलं नाही. त्यात कोणाचा काय दोष? नागपूर 79 अंश पूर्वेला, टोरांटो 79 अंश पश्चिमेला. आई तेव्हाही म्हणाली होती, "दिग्या आपल्याच आकड्यावर आहे बिचारा, पण पलीकडच्या बाजूला."

तर परवा रात्री दोरा बोटाभोवती गुंडाळत तिने मला विचारलं, "निरोप मिळाल्यापासून इथे दारात उभं राहायला किती?"

मी म्हटलं, "दीड दिवस. सगळं जुळलं तर."

"मग मला थांबवायचं नाही. बर्फ आणायचं नाही, ती थंड पेटी भाड्याने आणायची नाही. चार-सहा तासांच्या आत न्यायचं."

मी म्हटलं, असं काय बोलतेस, मी जातच नाही, नंदाला पाठवतो. तर माझ्यावर जी भडकली! "तुझ्या पोरीला तू नाही दिसलास तर ती मला क्षमा करणार नाही. मी म्हातारी, मी निजून राहीन. तिला कळा यायच्या आहेत." श्वास लागला तिला, पाणी दिलं. थोड्या वेळाने सावकाश म्हणाली, "दिग्याला बोलव. तो देईल अग्नी."

मंदा तिथेच होती. मला वाटलं तिला लागेल, आजकाल मुली देतात आणि तिची तयारीही होती. मी विचारलं, "दिग्या काहून?"

आई म्हणाली, "त्याच्या हातून राहिलं आहे."

बस. एवढंच म्हणाली आणि गोल माझ्याकडे दिला, वर ठेव म्हणाली. मंदा स्वयंपाकघरात गेली, डोळे पुसून आली आणि मला म्हणाली, "दादा, दिग्यादादा येणार असेल तर मी त्याच्या बाजूला उभी राहीन." मी तेव्हापासून नीट झोपलेलो नाही. भीती वाटते असं नाही. ती इतक्या वर्षांत नानांच्या त्या संध्याकाळीवर एक शब्द बोलली नव्हती, मला वाटायचं तिने ते कधीच मागे टाकलं. आणि ती तर मनात तुझ्यासाठी जागा धरून बसली होती. हे मी कोणाला सांगू? जावयाला? बँकेतल्या मित्रांना? ते म्हणतील, म्हातारं माणूस आहे, बोलतं.

तू नाही म्हणालास तरी मला चालेल, हे मनापासून लिहितो. तुझ्या मनात त्या दिवसाचं काय आहे ते मला माहीत नाही, आणि पुन्हा एकदा अंबाझरीवर उभं राहणं तुला झेपेल का, हेही तूच ठरवायचं. आपल्यात काही फेडायचं उरलं आहे म्हणून ये असं मी म्हणत नाही, आईही तसं म्हणाली नाही. तिची ती इच्छा आहे. कदाचित देव करेल आणि मी मार्चमध्ये परत येईन तेव्हा ती खाटेवर बसून मला सिॲटलचा पाऊस किती इंच ते विचारेल. मी तीच आशा धरून आहे. पण आधी विचारून ठेवणं भाग आहे.

तुझ्याकडची घाईने विचारतो, रागावू नकोस. रोहनचं ते कॅनडातलं घर झालं का? वहिनींचा गुडघा? कोथरूडच्या सोसायटीतलं पाण्याचं भांडण मिटलं की तू अजून सेक्रेटरीला पत्रं लिहून राहिला? तर्री पोह्यांसाठी जीव जातो म्हणत होतास, ते पुण्यात मिळणार नाहीत हे मी तुला तिथे घर घेतानाच सांगितलं होतं. संत्री सुरू झाली आहेत, या वर्षी पावसाने फळ गळलं, पण पहिली बरी पेटी दिसली की पाठवतो.

आता काम. आम्ही 20 डिसेंबरच्या आसपासचं तिकीट बघतो आहोत, परतीचं तारीख बदलता येईल असं. पुण्याहून तुला विमान तर आहेच, आणि ऑगस्टपासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, 881 किलोमीटर, बारा तास. रात्री निरोप मिळाला तर सकाळच्या पहिल्या विमानाने तू दुपारच्या आत घरी. आईने सांगितलेल्या चार-सहा तासांत ते बसत नाही, मी तिला तसं म्हटलं. म्हणाली, "पुण्याइतकं थांबीन."

तू डिसेंबर ते मार्च पुण्यातच आहेस की रोहनकडे जाणार, हे मला आधी कळव. जाणार असशील तर तसंच लिही, लपवू नकोस, आणि आमच्यासाठी बेत बदलू नकोस. मी तिला सांगेन आणि ती मंदाला सांगेल. पण उत्तर फोनवर देऊ नकोस. तुझा आवाज ऐकला की मी 'हो' काय आणि 'नाही' काय, काहीच नीट ऐकणार नाही. शिवाय तिला ते स्वतः वाचायचं आहे. स्पीड पोस्टाने पाठव, पाकिटावर नाव तिचं घाल, माझं नाही. आणि अक्षर मोठं काढ, भिंग धरून हात दुखतो तिचा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या